दिवसभराचं तिकीट

पोर्ट्समथला उतरले तेव्हा सव्वानऊ झाले होते
आणि गाडी वेळेवर होती. हेच पहिलं नवल.

इथं ड्रायव्हरच तिकीट फाडतो.
फाडतो कसला, यंत्र जीभ काढतं, आपण ओढून घ्यायची.
दिवसभर कुठंही चढा, कुठंही उतरा.
बावीस वर्षं मी भूम डेपोत तिकिटं दिली,
टप्पे मोजून, पाथरूडपर्यंत, ईटपर्यंत.
असं सबंध दिवसाचं तिकीट कुणा बाईनं मागितलं असतं
तर विचारलं असतं, का गं, घरी कुणी नाही का?

वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसले,
काचेला गुडघे टेकवून.
फांद्या अंगावर यायच्या
नि दर वेळी मी मान खाली घालायची.
मागच्या बाकावरचं पोरगं हसलं. हसू दे.

गोदी पाहिली. लाकडी जहाज पाहिलं,
शंभरावर तोफा, आणि छत इतकं ठेंगणं
की माणसं वाकून वाकूनच लढली असतील.
आठशे खलाशी झोपायचे यात, गाइड म्हणाली.
मला बाजारच्या दिवशीची गाडी आठवली,
चव्वेचाळीस सीटा, एकशे सात तिकिटं,
शिवाय दोन शेळ्या.

चूक झाली ती किल्ल्याजवळच्या स्टॉपवर.
पाटीखाली उभी होते, पिशवी पायाशी.
बस आली, आणि थांबलीच नाही.
बाकावरचा म्हातारा (टेरेन्स, नाव नंतर कळलं)
चिप्सचा कागद चुरगळत म्हणाला,
हात करायचा असतो. हात.
नाहीतर त्यांना वाटतं, तुम्ही नुसत्याच उभ्या आहात.

मला सांगतोय!
हात दाखवा, एसटी थांबवा,
हे वाक्य पाठीवर घेऊन हिंडले मी.
आणि ईटच्या फाट्यावर, एका चैतात,
गाडी खच्चून भरलेली असताना
एका बाईनं हात केला होता.
कडेवर पोर होतं की गाठोडं, नीट दिसलं नाही.
मी दोरी दोनदा ओढली. टण टण. चल.
धुरळ्यात तिचा हात तसाच वर,
खाली घ्यायचं विसरल्यासारखा.
दवाखान्याला निघाली होती की माहेराला,
कुणाला विचारणार आता.

पुढच्या बसला वीस मिनिटं होती.
टेरेन्सनं दोन चिप्स दिल्या, व्हिनेगर लावलेल्या.
आंबट. खाल्ल्या.

दुपारी गोल बुरुजावर चढले.
बंदराचं तोंड इतकं अरुंद
की पलीकडच्या गावात वाळत घातलेली चादर दिसते.
पूर्वी या तोंडावर साखळी ताणायचे म्हणे,
परकी जहाजं आत येऊ नयेत म्हणून.
आता फ्रान्सची बोट निघाली होती,
आमच्या तहसील कचेरीहून उंच,
आणि बुरुजावरचे लोक हात हलवायला लागले.
ओळख ना पाळख. मीही हलवला.
थांब म्हणून नव्हे; एवढी मोठी बोट कोण थांबवतंय.
कठड्याशी पिवळ्या कोटातल्या कुणीतरी हात वर केला
आणि ठेवला,
मला दिसेनासा होईपर्यंत तरी ठेवला.

संध्याकाळी परत.
उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो.
बावीस वर्षांत मला एकदाच,
पाथरूडच्या एका शाळकरी मुलीनं म्हटलं होतं,
येते हं बाई.

लाल बटण होतं. हाताच्या सवयीनं दोनदा दाबलं.
आमच्यात एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.
ड्रायव्हरीणबाईनं आरशातून पाहिलं
आणि थांबवली.
येते हं, मी म्हटलं.
काय कळलं तिला कोण जाणे,
दार मिटायच्या आत अंगठा वर केला तिनं.

मग अर्पणाचा फोन. आई, आहेस कुठं?
स्टँडवर, म्हटलं.
कुठल्या स्टँडवर?
चष्मा पिशवीत तळाला गेलेला.
तो काढून, पाटीवरचं एकेक अक्षर लावत,
सांगितलं तिला.